पन्नासपैकी नऊ

आजच्या या हृद्य समारंभाचे अध्यक्ष आणि आम्हा बावीस जणांचे परीक्षक डॉक्टर खुशालराव म्हसाळ. आपल्या कंपाउंडर व औषधविक्रेता संघाचे चिटणीस रामराव बोचरे. ज्यांच्यासाठी आपण सगळे भर उन्हातून इथे जमलो ते सत्कारमूर्ती, भातकुली दवाखान्याचे कंपाउंडर पुंजाजी तायडे. व्यासपीठावर बसवलं तरी पुन्हा पुन्हा उठून खाली बायकांत जाऊन बसणाऱ्या त्यांच्या पत्नी मैनावहिनी. पहिल्या रांगेत पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या मनकर्णाबाई. आणि अमरावती-अकोल्याहून, खेड्यापाड्यांतून एस.टी.ची धूळ खात आलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी भगवंत गावंडे. अकोल्यात माझं औषधांचं दुकान आहे. आरंभीच दोन खुलासे करतो. पहिला असा, की चिटणीसांनी माझा सुपारीचा डबा दारातच काढून घेतला आहे. सव्वीस वर्षांत सुपारीवाचून मी हे पहिलंच भाषण करतो आहे, तेव्हा मधेच अडखळलो तर डब्याची आठवण झाली असं समजा. दुसरा खुलासा माझ्या ओठावरच्या जांभळ्या डागाचा. मघापासून तिघांनी विचारलं. तो शाईचा आहे. भाषण लिहिताना पेन तोंडात धरायची खोड मला शाळेपासून आहे. असो.

निरोपाच्या समारंभात सत्कारमूर्तींचे गुण सांगायची पद्धत आहे. अडचण अशी, की पुंजाजीभाऊंचे गुण मला नेमके माहीत आहेत. ते नऊ आहेत. पन्नासपैकी नऊ. आणि ज्यांनी ते दिले ते डॉक्टरसाहेब आज अध्यक्षस्थानी बसले आहेत, त्यामुळे मला त्यात एकही वाढवता येत नाही!

नव्या मंडळींना हे कळायचं नाही, म्हणून थोडं मागे जातो. बासष्ट सालची गोष्ट. डॉक्टरसाहेबांनी अमरावतीला एक बारा दिवसांचा वर्ग काढला. दवाखान्यात आणि औषधांच्या दुकानात काम करणाऱ्यांना कर्करोगाची तोंडओळख करून देणारा. आम्हाला हसूच आलं. एवढा मोठा आजार, त्यात आम्हा कंपाउंडरांचं काय काम? साहेब म्हणाले, "माणूस माझ्यापर्यंत येतो तोवर त्यानं तुमच्या चार बाटल्या संपवलेल्या असतात. तोंडातला फोड तीन आठवड्यांत बरा झाला नाही, तर पाचवी बाटली देऊ नका. तोंड पाहा, औषध देऊ नका, चिठ्ठी देऊन मोठ्या दवाखान्यात पाठवा." बारा दिवस ते हेच तीन तऱ्हांनी सांगत होते.

साहेबांना तक्त्यांचा मोठा शौक. चौकटीचा कागद, एका कानावर लाल पेन्सिल, दुसऱ्यावर निळी. वर्गाच्या पहिल्या दिवशी त्यांनी आमची परीक्षा घेतली, शेवटच्या दिवशी तीच पुन्हा घेतली. आधीची सरासरी अकरा, नंतरची अडतीस. साहेब तो तक्ता घेऊन दवाखानाभर हिंडले. मला सत्तेचाळीस मिळाले होते. पहिला नंबर. दुकानात गिऱ्हाईक पेनिसिलिन मागायला आलं तरी मी बोलता बोलता सत्तेचाळीसवर यायचो.

आणि सगळ्यांत खाली पुंजाजी तायडे. नऊ.

पुंजाजीभाऊ अठ्ठावीस साली भातकुलीच्या दवाखान्यात झाडझूड करायला लागले. मग पट्ट्या बांधू लागले, मग औषधं घोटू लागले. अक्षर शिकले ते वयाच्या पस्तिशीत, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून. त्यामुळे त्यांना 'टिंक्चर आयोडीन' आधी वाचता आलं आणि स्वतःचं नाव नंतर. अशा माणसापुढे साहेबांनी छापील प्रश्नपत्रिका ठेवली. प्रश्न होता, 'तोंडाच्या कर्करोगाची लक्षणे सविस्तर लिहा. गुण दहा.' मी दोन पानं लिहिली. पुंजाजीभाऊंनी दोन शब्द लिहिले: 'पाह्यल्यावर समजते.' साहेबांनी त्याभोवती लाल वर्तुळ काढून शून्य दिलं. नाही का, साहेब? अध्यक्ष मान हलवताहेत. कबूल आहे म्हणतात.

आता मनकर्णाबाईंकडे वळतो. त्या तेव्हा साहेबांच्याच दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात आया होत्या, आजही आहेत. घर शेतकऱ्याचं, दर्यापूरकडचं. तोंड एकदम फटकळ आणि तोंडात कायम तंबाखू. साहेब आपला अडतीसचा तक्ता परिचारिकांना दाखवत होते, तेव्हा बाई फरशी पुसता पुसता म्हणाल्या,

"साहेब, कागदावर तं सारेच शायने असतेत. दुकानात काय करतेत ते पाह्यलं काय कोनं?"

साहेब म्हणाले, "ते कसं पाहणार?"

"मले धाडा. सांगतो त्याईले, माह्या गालात फोड हाय म्हनून. मंग पाहू कोन काय देते ते."

नुसता नावाचा मोठा डॉक्टर असता तर बाईंना फरशी पुसायला सांगून पुढे गेला असता. आमचे साहेब मोठेच डॉक्टर आहेत, म्हणून ते थांबले. त्यांनी बाईंना बावीस नावं दिली, अमरावतीची, अकोल्याची, मधल्या गावांची. वाक्य पाठ करून घेतलं: 'डाव्या गालात आतून फोड हाय, महिना झाला, बरा होऊन नाई राह्यला, काई दवाई द्या.' बाईंच्या गालात अर्थातच काही नव्हतं. सुटीच्या दिवशी पिशवी घ्यायची आणि निघायचं, असं ठरलं.

आमची ही परीक्षा चालू आहे याचा आम्हाला गंधही नव्हता. आणि बाई सगळ्यांत पहिल्यांदा कोणाच्या दुकानात गेल्या असतील? पहिल्या नंबराच्या.

सकाळचे दहा वाजले असतील. बाईंनी वाक्य म्हटलं. मी म्हटलं, "बसा माय." आपल्या धंद्याची एक इभ्रत असते, मंडळी. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही. वैदू नुसता अंगारा देतो, आपण औषध देतो! मी गुळण्यांचं औषध तयार केलं, वर लावायला जांभळं औषध दिलं. बाटलीवर एका वेळी किती घ्यायचं ते दाखवणारी मात्रेची कागदी पट्टी चिकटवली. आठ मात्रांची, कात्रीनं इतकी नेमकी कातरलेली, की बाईंनी सुद्धा कौतुक केलं. त्यांनी पाणी मागितलं, मी माठातलं थंड पाणी दिलं. मुलाबाळांची चौकशी केली. शिष्टाचारात कुठे म्हणून कसर ठेवली नाही. फक्त तोंड पाहिलं नाही. काउंटरच्या अलीकडून एका परक्या बाईला 'तोंड उघडा' कसं म्हणायचं? लोक काय म्हणतील?

माझ्यानंतर बाईंनी वीस दुकानं आणि दवाखाने केले. एकानं तुरटी दिली, एकानं ग्लिसरीन, एकानं ताकदीच्या गोळ्या. एकानं औषधाबरोबर दोन सोमवारही धरायला सांगितले. तो आज इथे बसला आहे, नाव घेत नाही. त्याच्या मानेकडे पाहू नका. एकवीस ठिकाणी बाई गेल्या आणि एकवीस बाटल्या, पुड्या, डब्या घेऊन परत आल्या. एकानंही तोंड पाहिलं नाही.

बाविसावं नाव भातकुलीचं. बाई सांगतात, त्यांना जायचाच कंटाळा आला होता. ज्याला नऊ गुण मिळाले तो काय वेगळं करणार? पण साहेबांचा तक्ता अपुरा राहिला असता, म्हणून गेल्या.

पुढचं मी दोघांकडूनही ऐकलं आहे. दोघांच्या सांगण्यात फरक एवढाच, की पुंजाजीभाऊंना ते सांगायला एक मिनिट लागतं आणि मनकर्णाबाईंना अर्धा तास. मी मधला मार्ग काढतो.

बाईंनी वाक्य म्हटलं. पुंजाजीभाऊंनी हातातलं काम खाली ठेवलं आणि म्हणाले, "उजेडात ये, बाई."

"काहून? दवाई दे ना."

"पाह्यल्याबिगर देत नाई. दारात ये. तोंड उघड."

"तोंडात काय पाहाचं? सांगतलं ना डाव्या गालात हाय म्हनून."

पुंजाजीभाऊंनी साबणानं हात धुतले, बोटाला पट्टीचं धुतलेलं कापड गुंडाळलं आणि दारात उन्हाच्या बाजूला उभे राहिले. इथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ज्या दवाखान्यात काही माणसं या पुंजाजींच्या हातातून बाटली घेत नसत, 'खिडकीत ठेवा, आमी उचलतो' म्हणत, त्या दवाखान्याचं ते दार. बाईंना ते ठाऊक होतं. बाई मला म्हणाल्या, "माह्या सासूनं पाह्यलं असतं तं मले घरात घेतलं नसतं." पण खोटा फोड घेऊन आलेल्या बाईला मागे फिरायला तोंड कुठे होतं? त्यांनी तंबाखू थुंकली, चूळ भरली आणि तोंड उघडलं. आपल्या तोंडात काही नाही, याची त्यांना पक्की खात्री होती.

पुंजाजीभाऊंनी डावा गाल पाहिला. बोट फिरवलं. मग उजवा पाहिला. तिथे जरा जास्त वेळ लावला.

"बाई, डाव्या गालात काई नाई. तू खोटं बोलून राह्यली."

बाई हसल्या. म्हणाल्या, "पास झाला बाप्पा तू!"

"पन उजव्या गालात हाय. दाढेमांगं. पांढरा चट्टा हाय अन् कडंले कडक लागते. तंबाखू इथंच धरतं ना?"

बाई आणखीच हसल्या. त्यांना वाटलं, याला आपलं सोंग कळलं आणि आता हाही सोंग करतो आहे. पुंजाजीभाऊ हसले नाहीत. त्यांनी आपल्या त्या वाकड्यातिकड्या अक्षरात चिठ्ठी लिहिली: 'उजव्या गालात पांढरा चट्टा. बोटाले कडक. आजच पाहावे.' ती बाईंच्या हातात दिली आणि दवाखाना मदतनिसावर सोपवून त्यांना एस.टी.पर्यंत पोचवायला गेले. बाई सारख्या म्हणत होत्या, "अरे, मी साहेबाचीच मानूस हाय, पाठवू नको मले." आणि पुंजाजीभाऊ म्हणत होते, "मंग तं बरंच झालं, साहेब घरचाच हाय. बस गाडीत."

संध्याकाळी बाई साहेबांसमोर उभ्या राहिल्या, पिशवी टेबलावर ठेवली आणि हसत हसत सांगू लागल्या, की एकवीस नापास, एक पास, आणि जो पास झाला तो नाटक माझ्यापेक्षा बरं करतो. साहेबांनी चिठ्ठी वाचली. त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. बाईंना खिडकीशी नेलं आणि म्हणाले, "तोंड उघडा."

असे चेहरे पाडू नका, मंडळी. बाई समोर बसल्या आहेत, चांगल्या ठणठणीत आहेत, आल्या आल्या त्यांनी माझ्या धोतराच्या काठाला नावं ठेवली आहेत! पण तेव्हा असं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. चट्टा तोच होता, ज्याची भीती होती. आठवड्याच्या आत साहेबांनी त्यांना मुंबईला पाठवलं. ऑपरेशन झालं, विजेचे शेक झाले. चार महिन्यांनी बाई परत आल्या तेव्हा उजवा गाल आत ओढला गेला होता आणि आवाज थोडा बदलला होता. शब्दांची धार मात्र मुंबईच्या डॉक्टरांना काढता आली नाही. या गोष्टीला आता चार वर्षं झाली.

बाई मुंबईला असतानाच साहेबांनी आम्हा बावीस जणांना बोलावलं आणि टेबलावर पिशवी रिकामी केली. आपापली बाटली ओळखून आम्ही पोट धरून हसलो. माझी आठ मात्रांची पट्टी हातोहात फिरली. मग साहेबांनी सांगितलं, की ही पिशवी जिनं आणली ती बाई कुठे आहे आणि का. त्यानंतर कोणी कोणाकडे पाहिलं नाही. साहेबांनी आपला अहवाल वर पाठवला, त्यात दोन्ही तक्ते होते. कागदावर अडतीस, दुकानात बावीसपैकी एक. 'वर्ग यशस्वी झाला नाही' असं स्वतःच्या वर्गाबद्दल स्वतःच्या सहीनं लिहायला मोठं मन लागतं, अध्यक्ष महाराज. आम्ही कोणी ते लिहिलं नसतं.

पुढचा वर्ग भातकुलीच्या त्या दारात भरला. व्याख्यानं दोनच दिवस, बाकीचे दिवस उन्हात उभं राहून तोंडं पाहायची. शिकवायला पुंजाजीभाऊ. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर पहिलं वाक्य कोणतं? 'पाह्यल्यावर समजते.' साहेबांनी शून्य दिलेलं वाक्य साहेबांनीच छापलं. आणि दरवेळी पहिलं तोंड मनकर्णाबाईंचं. त्या खुर्चीवर बसतात, आ करतात आणि म्हणतात, "पाहा रे, लाजू नका, माह्या गालाले तिकीट नाई." गेल्या वर्षी बाई पुन्हा पिशवी घेऊन निघाल्या, तेव्हा चोवीसपैकी अठरा जणांनी त्यांना उजेडात उभं केलं. पिशवीत फक्त सहा बाटल्या आल्या. ती पिशवी आजही त्यांच्या मांडीवर आहे, म्हणून तर मघापासून काही जण अस्वस्थ आहेत.

मीही तोंडं पाहू लागलो. आजवर अकरा जणांना चिठ्ठी दिली. नऊ जणांना काही निघालं नाही, त्यांनी येऊन मला शिव्या दिल्या. दोघांना निघालं. ते दोघंही शेती करताहेत.

इथे माझं भाषण संपायला हवं होतं. कागदावर तसंच लिहून आणलं आहे. पण पुंजाजीभाऊ उद्यापासून दवाखान्यात नसणार, आणि त्यांच्यादेखत एक गोष्ट बोलायची राहून गेली तर ती राहूनच जाईल. साहेब, आपला तक्ता अपुरा आहे. त्यात माझ्या नावापुढे 'तोंड पाहिले नाही' एवढंच आहे. खरं त्याहून वाईट आहे. मनकर्णाबाईंना मी पाणी दिलं तेव्हा त्यांनी मान डावीकडे कलती केली आणि एका बाजूनं ते प्यायल्या. आपल्या परीक्षेत चौदावा प्रश्न होता, 'कोणत्या हालचालींवरून तोंडातील विकाराचा संशय घ्यावा?' मी लिहिलं होतं, 'रुग्ण एका बाजूने पाणी पितो.' मला चारपैकी चार मिळाले. ते मी लिहिलं होतं, ते माझ्या डोळ्यांसमोर झालं, ते मला दिसलं, आणि मी पट्टी कातरत बसलो. पुंजाजीभाऊंनी तो प्रश्न कोरा सोडला होता. माझ्या दुकानापासून त्यांच्या दारापर्यंत पोचायला बाईंना एकोणीस दिवस लागले. साहेब म्हणतात, एकोणीस दिवसांनी काही फरक पडला नाही. ते मला बरं वाटावं म्हणून म्हणतात की खरंच तसं आहे, हे विचारायची माझी छाती झाली नाही.

भाषणाच्या शेवटी चुकलं-माकलं पदरात घ्या म्हणायचा रिवाज आहे. बाकीची चूकभूल सभेनं पोटात घालावी. ही एक मात्र मी सभेकडे मागत नाही. मनकर्णाबाई, ती तुमच्याकडे मागतो. मला माफ करा.

काय? जरा मोठ्यानं बोला बाई, मागच्यांना ऐकू जात नाही.

बाई म्हणतात, "माफी गिफी राहू दे, भगवंतभाऊ. चार सालापासून लोकायचे तोंडं पाहून राह्यला. तुह्यं कोनं पाह्यलं?"

हसा, मंडळी, हसा. हसण्यासारखंच आहे.

कोणीही नाही पाहिलं, बाई. सव्वीस वर्षं सुपारी चघळतो आहे आणि कोणीही पाहिलं नाही. आणि आता उभाच आहे तर तेही सांगतो. हा ओठावरचा डाग शाईचा नाही. गेले सव्वीस-सत्तावीस दिवस डाव्या गालात तिखट झोंबतं, म्हणून मी माझ्याच दुकानातलं जांभळं औषध स्वतःला लावतो आहे. मला सत्तेचाळीस गुण होते. आरशापुढे उभं राहून आ करायची हिंमत मात्र झाली नाही.

अध्यक्ष महाराज, ते पाहा, पुंजाजीभाऊ खुर्चीतून उठले. शाल खांद्यावरून काढून त्यांनी मैनावहिनींकडे दिली आणि हात धुवायला पाणी मागताहेत. सत्कारमूर्तींनी सत्कार सोडून काम करायचं नसतं, असं कोणीतरी त्यांना सांगा. नाही, नको, सांगू नका.

डॉक्टरसाहेबांचे, चिटणीसांचे, स्वागताला राबलेल्या मंडळींचे आणि एवढा वेळ ऐकून घेतलेल्या आपणा सर्वांचे मी मनापासून आभार मानतो. चिटणीस, तो सुपारीचा डबा मला परत देऊ नका. चहा थांबवू नका, आमची वाट पाहू नका. ज्यांच्या तोंडात तंबाखू-सुपारी असते, त्यांनी मात्र चहाच्या आधी माझ्यामागे रांग लावावी. पश्चिमेच्या त्या दारात अजून अर्धा तास ऊन आहे.

आलो, पुंजाजीभाऊ. उजेडात येतो.